मिठात आयन नेमके बनतात कधी? लेकीशी वाद चाललाय

खाडीपलीकडला (धागाकर्ता)

मंडळी मदत करा. मी दापोलीकडचा, सायन्स दहावीला सोडलं ते सोडलंच. लेक यंदा नववीत जाईल, सुट्टीत रिकामी आहे म्हणून परवा तिने स्वयंपाकघरात प्रयोग मांडला. नऊ व्होल्टची बॅटरी, एक एलईडी, वायरी आणि पेन्सिली सोलून काढलेली दोन शिसं. शिसं वाटीत बुडवायची आणि लाइट लागतो का बघायचं.

कोरडं खडेमीठ वाटीत भरून त्यात शिसं खुपसली, काही नाही. विहिरीचं पाणी, अगदी मिणमिणता, दार लावून अंधार केला तर दिसेल इतकाच. त्यात चमचाभर मीठ ढवळलं आणि झकास पेटला. साखर घातलेलं पाणी, साध्या पाण्याइतकाच. खोबरेल, ठार अंधार. मग आजीने कपाटातून आगळाची, म्हणजे कोकमाच्या रसाची, बाटली काढून दिली, तर त्यात मिठाच्या पाण्यासारखाच लखलखीत.

लेक म्हणते मिठात आयन (म्हणजे इलेक्ट्रॉन कमीजास्त होऊन प्रभार आलेले अणू-रेणू) नसतातच, पाण्यात टाकल्यावर पाणी ते बनवतं, म्हणून कोरडं मीठ पेटत नाही. तिच्या क्लासच्या नोट्समध्ये लिहिलंय की सोडियमला अष्टक (बाहेरच्या कक्षेत आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण करायचं असतं म्हणून तो आपला एक इलेक्ट्रॉन क्लोरिनला दान करतो. मी विचारलं हे दान काय आमटीत मीठ पडल्यावर होतं का गं? ती म्हणते हो. मला पटत नाही पण का पटत नाही ते सांगता येत नाही, आणि बाप म्हणून इज्जतीचा प्रश्न आहे.

---

तिरफळ_घातलंय

आगळ कित्याक वाया घालवतत? सोलकढी करूची सोडून. बाकी चालू दे, वाचतंय.

---

खडूफळा

लेकीचं अर्धं बरोबर, तुमचंही अर्धं. नोट्सवाल्याला मी नावं ठेवणार नाही कारण पहिली दहाएक वर्षं मीसुद्धा वर्गात "दान" हाच शब्द वापरून शिकवलंय, आता रिटायर झाल्यावर शहाणपण सुचतंय.

मिठाच्या खड्यात आयन आधीपासून असतात. आधीपासून म्हणजे, त्या खड्यात आयन सोडून दुसरं काही नसतंच, सोडियमचा एकही साधा अणू नाही आणि क्लोरिनचाही नाही. धन, ऋण, धन, ऋण असे तिन्ही दिशांना रचून ठेवलेले. मग वीज का वाहत नाही? कारण वीज वाहायला प्रभार जागचा हलावा लागतो. गणपतीच्या आदल्या दिवशी कोकणकन्येचा जनरल डबा आठवा, माणसं खचाखच भरलेली असतात पण पनवेल सोडल्यावर कुणाला पाय उचलून दुसरीकडे ठेवता येत नाही. चिपळूणला थोडे उतरले की मग हालचाल सुरू. पाणी हे चिपळूण स्टेशन आहे. ते माणसं बनवत नाही, मोकळी करतं. पुस्तकात याला विचरण म्हणतात, आणि आयन नव्याने बनण्याला आयनीभवन. दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मुलं हमखास त्यातच गोंधळतात.

लेक म्हणेल पुरावा काय. पुरावा असा की मीठ ८०१ अंश सेल्सिअसला वितळतं, आणि त्या वितळलेल्या मिठातून वीज उत्तम वाहते. पाण्याचा थेंब नाही तिथे! आयन पाणी बनवत असतं तर हे झालंच नसतं. (घरी करू नका, गॅसवर होणार नाही आणि कढई जाईल.)

---

खाडीपलीकडला

सर डबा आवडला, लेकीला वाचून दाखवलं. तिचा लगेच उलट प्रश्न, मग खड्यात तरी ते बनले कधी? मिठागरात समुद्राचं पाणी सुकतं तेव्हा?

---

खडूफळा

नाही हो. आमचा शिरोड्याला मामा होता, लहानपणी मिठागरात तासन् तास बसलोय. (१९३०चा मिठाचा सत्याग्रह झाला तेच शिरोडं, वेंगुर्ल्याजवळचं.) भरतीचं पाणी कोंडीत घ्यायचं, एका कोंडीतून दुसरीत सोडायचं, उन्हाने दाट होत जातं, आधी चुन्यासारखे क्षार आणि जिप्सम तळाला बसतात आणि मग मीठ. त्या सगळ्या खटाटोपात एकसुद्धा नवा सोडियम आयन तयार होत नाही. समुद्रात आयनच होते, पाणी उडून गेल्यावर तेच एकमेकांच्या शेजारी येऊन बसले.

बरं, समुद्रात कुठून आले? सोडियम डोंगरातल्या खडकांतून झिजून नद्यांबरोबर आला, आणि खडकातही तो आयन म्हणूनच होता. क्लोराइड मुख्यतः ज्वालामुखींच्या वायूंमधून. समुद्रात सोडियमचा अणू, म्हणजे सगळे ११ इलेक्ट्रॉन शाबूत असलेला, कधी आलाच नाही, आला असता तर पाण्याला लागताच भडकला असता. तुमच्या आमटीतला सोडियम कोट्यवधी वर्षं आयनच आहे. सोडियम धातू म्हणून माणसाने वेगळा काढला तो १८०७ साली, हम्फ्री डेव्हीने, वितळवलेल्या कॉस्टिक सोड्यातून वीज सोडून. म्हणजे कष्ट पडले ते आयनचा अणू करायला!

आता तुमच्या नोट्समधलं दान. सोडियमचा एकटा अणू घ्या, आजूबाजूला काहीच नाही. त्याचा बाहेरचा इलेक्ट्रॉन काढायला मोलमागे (मोल म्हणजे अणूंचा एक ठरलेला मोठा गठ्ठा) ४९६ किलोज्यूल खर्च येतो. खर्च! तो स्वखुशीने काही देत नाही. क्लोरिनच्या अणूने तो घेतला की ३४९ परत मिळतात. म्हणजे नुसत्या देण्याघेण्यात १४७चा तोटा. त्यात सोडियम धातूचे अणू सुटे करायला १०८ आणि क्लोरिनची जोडी फोडायला एका अणूमागे १२१. सगळा धंदा बुडीत. पण हे धन आणि ऋण आयन एकमेकांना चिकटून स्फटिकाची रचना झाली की ७८७ सुटतात, आणि सगळं वजा जाता हातात ४११ उरतात. अष्टक वगैरे मुलांना लक्षात ठेवायला ठीक आहे, पण सोडियमचा आयन बनतो तो शेजारामुळे. शेजारी क्लोराइड नाही, पाणी नाही, कोणीच नाही, तर सोडियम आपला इलेक्ट्रॉन धरून गप बसतो.

---

जांभा_चिरा

वा मास्तर. चाळीस वर्षांनी कळलं. आमच्या वेळी "सोडियम उदार, क्लोरिन लोभी" असं पाठ करून घ्यायचे, चुकलं की छडी.

मग मॅग्नेशियम दोन का देतो? तेपण शेजारामुळे?

---

खडूफळा

तेच. मॅग्नेशियमचा पहिला इलेक्ट्रॉन ७३८ला निघतो, दुसरा १४५१ला. महाग आहे, पण दोन प्रभारांचा छोटासा आयन झाला की पाण्याचे रेणू त्याला असे काही घेरतात की सोडियमच्या चौपटीहून जास्त ऊर्जा मिळते, खर्च वसूल. तिसरा काढायला मात्र ७७३३ लागतात, ते कुठलाच शेजारी भरून देणार नाही. म्हणून दोनवर थांबतो.

आणि हा मॅग्नेशियम तुम्ही रोज बघता. पावसाळ्यात बरणीतल्या खड्यामिठाला पाणी सुटतं ना, त्याला मोठं कारण मिठात राहिलेलं मॅग्नेशियम क्लोराइड. शुद्ध मीठ इतकं पाणी ओढत नाही. धागाकर्त्यांचं नशीब की प्रयोग मे महिन्यात केला, जुलैत केला असता तर "कोरडं" मीठसुद्धा पेटलं असतं आणि वाद आणखी वाढला असता.

---

सोलकढी_ताई

आगळावर कोणीच बोललं नाही म्हणून लिहितेय. अहो दादा, आगळात मीठच असतं! रातांब्याच्या (कोकमाच्या फळाच्या) साली मिठात घालूनच तो रस सुटतो, म्हणून तर वर्षभर टिकतो. तुमचा लाइट मिठानेच लागला असणार, आंबटाने किती आणि मिठाने किती कसं कळणार. आता रातांब्याचे दिवस आहेत, ताजे आणा, बिनमिठाचा रस काढा आणि बघा.

आणि मला एक विचारायचंय मास्तरांना. मिठाचं कळलं, पण आंबट पदार्थात आयन आधीपासून असतात का? लिंबात, कोकमात?

---

खडूफळा

ताई, पकडलंत बरोबर! मी आगळाचं वाचून पुढे गेलो, लक्षातच आलं नाही.

आंबटाची गोष्ट वेगळी, तिथे खरोखर बनतात. कोकमातलं, लिंबातलं आम्ल म्हणजे रेणू. रेणूमध्ये इलेक्ट्रॉन वाटून घेतलेले असतात, कोणी धन नाही कोणी ऋण नाही. पाण्यात गेल्यावर त्यातला हायड्रोजन आपला इलेक्ट्रॉन मागे ठेवून नुसता प्रोटॉन म्हणून पाण्याच्या रेणूला जाऊन चिकटतो. पाणी झालं धन, आम्लाचा उरलेला भाग झाला ऋण. इथे इलेक्ट्रॉन कोणी कोणाला दिलाच नाही, हायड्रोजन घर सोडून गेला आणि सामान तिथेच राहिलं. पण कोकम-लिंबाची आम्लं सौम्य, शंभर रेणूंतले थोडेच असे फुटतात, बाकीचे अखंड. बाथरूमच्या ॲसिडमधलं हायड्रोक्लोरिक मात्र पाण्यात जवळजवळ सगळं फुटतं.

पाणी स्वतःसुद्धा फुटतं बरं का, पण अगदी नगण्य, साधारण ५५ कोटी रेणूंत एक. म्हणून लेकीच्या विहिरीच्या पाण्यात जो मिणमिणता दिसला तो पाण्याचा नव्हे, त्यात विरघळलेल्या क्षारांचा.

---

सोलकढी_ताई

मग मासळीला लिंबू लावल्यावर वास जातो तो याच कारणाने का? आमच्याकडे मोरी आणली की (शार्क हो, पाणी वाहून जायची नव्हे) आधी कोकम नाहीतर लिंबू चोळून ठेवतात, नाहीतर अमोनियाचा भपकारा येतो.

---

खडूफळा

हे उदाहरण मला नोकरीत असताना मिळायला हवं होतं!!

मासळीचा तो वास म्हणजे ट्रायमिथाइल अमाइन, आणि मोरीच्या अंगात युरिया असतो तो कुजताना अमोनिया होतो. दोन्ही रेणू हवेत उडणारे, म्हणून तर नाकात जातात. आंबट लागलं की त्यातला प्रोटॉन या रेणूला येऊन चिकटतो आणि त्याचा धन आयन होतो. आयन हवेत उडत नाही, पाण्याला धरून राहतो, धुतला की वाहून जातो. वास "मारला" असं आपण म्हणतो पण खरं तर त्याला आयन करून जमिनीवर बसवला. उलटं करून बघायचं असेल तर लिंबू लावलेल्या तुकड्यावर खाण्याचा सोडा टाका, प्रोटॉन सोडा काढून घेतो आणि वास परत येतो.

---

तिरफळ_घातलंय

आमच्या आवशीक ह्या सगळा म्हायत आसा, फक्त आयन म्हणूचा म्हायत नाय. तिरफळान पण वास जाता काय रे मास्तरानू?

---

खडूफळा

तिरफळाचा स्वतःचाच वास इतका की दुसऱ्याचा कळत नाही. त्यात आयनबियन काही नाही.

---

जांभा_चिरा

माझा धंदा बोअरचे पंप बसवायचा, तर माझ्याकडून एक. लेकीने जे बनवलंय तो गरिबाचा टीडीएस मीटर आहे, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचा. आमचा मीटर पण तेच करतो, दोन टोकं पाण्यात, वीज किती वाहते ते बघतो आणि त्यावरून आकडा दाखवतो. म्हणून त्याला आयनच दिसतात. बादलीत किलोभर साखर ओता, मीटर ढिम्म. गिऱ्हाईक म्हणतं आकडा कमी आहे म्हणजे पाणी शुद्ध, तर तसं नाही, घाण पाण्यातले जंतू मीटरला दिसत नाहीत.

खाडीलगत बोअर मारली की मे महिन्यात पाणी मचूळ व्हायला लागतं, आपण गोडं पाणी उपसतो आणि खारं आत सरकतं. पिण्याच्या पाण्याला लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत बरं, दुसरी सोयच नसेल तर २०००पर्यंत चालवून घेतात, आणि समुद्र म्हणाल तर लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे ३५ हजार.

दुसरी एक गंमत, आमच्या जांभ्याच्या सड्यावर काही बोअरचं पाणी काढताना काचेसारखं आणि सकाळी हंड्यात तांबूस, तळाला लाल गाळ. लोक म्हणतात पाइप गंजले. नवीन प्लास्टिकचा पाइप टाकला तरी तेच!

---

खडूफळा

खाली हवा नाही म्हणून लोखंड दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या आयनच्या रूपात विरघळलेलं असतं, त्या थोड्याशा प्रमाणात ते दिसत नाही. वर आलं की हवेतला ऑक्सिजन तिसरा काढून घेतो. तीन गमावलेलं लोखंड पाण्यात राहू शकत नाही, तांबडा गाळ होऊन बसतं. जांभ्याचा रंग तोच.

---

टेस्टर_खिशात

इलेक्ट्रिशियन बोलतोय. ते अष्टक पूर्ण झालं की अणू सुखी वगैरे, मग आमच्या टेस्टरमध्ये काय होतं? त्यात निऑन असतो ना, त्याचं अष्टक पूर्णच असतं की.

---

खडूफळा

तरी त्याचा आयन बनतो, आणि तो शेजारामुळे नाही, धक्क्याने. काचेच्या नळीत एखाददुसरा भटका इलेक्ट्रॉन असतोच, व्होल्टेज त्याला पळवतं, तो निऑनच्या अणूवर आपटतो आणि त्याचा इलेक्ट्रॉन उडवतो. मग दोन झाले, दोनाचे चार. निऑनचा इलेक्ट्रॉन काढायला २०८१ किलोज्यूल, सोडियमच्या चौपट, पण पुरेसा जोरात आपटला तर निघतो. वळवाच्या पावसात वीज पडते तेव्हा हवेतल्या नायट्रोजन-ऑक्सिजनच्या रेणूंचं हेच होतं, फक्त टेस्टरच्या जागी आभाळ.

---

नाखवा_हर्णै

रेडिओवर पण याचा परिणाम असतो ना? आम्ही आत समुद्रात गेलो की मोबाइलला रेंज नसते, रेडिओच. दिवसा रत्नागिरी स्टेशन सोडून फार काही लागत नाही आणि रात्री भलत्याच भाषांची स्टेशनं येतात. मी कुठेतरी वाचलेलं की वर आभाळात आयन असतात म्हणून.

---

टेस्टर_खिशात

हे मला येतं, मी रेडिओ दुरुस्तीत होतो. दिवसा उन्हाच्या अतिनील किरणांनी आणि क्षकिरणांनी वरच्या हवेतले रेणू फुटून आयन आणि सुटे इलेक्ट्रॉन होतात. साठ ते नव्वद किलोमीटरवरचा जो थर आहे तो मिडियम वेव्ह खाऊन टाकतो. सूर्य गेला की तिथले इलेक्ट्रॉन परत आयनांना जाऊन मिळतात, थर विरतो, आणि लाटा आणखी वर जाऊन तिथल्या थरावरून परत खाली येतात, म्हणून लांबची स्टेशनं. रोज संध्याकाळी आभाळभर आयनांचे परत रेणू होतात, आपल्याला फक्त खरखर ऐकू येते.

---

पुळणीवरची

मुंबईच्या पाहुण्यांनी आम्हाला मिठाच्या दगडाचा दिवा भेट दिलाय, निगेटिव्ह आयन सोडतो म्हणे, तब्येतीला चांगला. समुद्रापासून शंभर पावलांवर राहणाऱ्याला मिठाचा दिवा 😄 खरंच सोडतो का?

---

खडूफळा

आत बल्ब आहे, दगड कोमट होतो, बस. ७८७ किलोज्यूलने बांधलेले आयन कोमट झाल्याने सुटत नाहीत. दिसायला छान आहे, देवघरात लावा.

---

उत्तरायण_वाचक

विषयांतर करतो, माफी. आयन हा शब्द १८३४ साली मायकेल फॅरेडेने रूढ केला, ग्रीक भाषेत त्याचा अर्थ "जाणारा", कारण वीज सोडल्यावर हे एकेका टोकाकडे जातात. आपला अयन, म्हणजे उत्तरायण-दक्षिणायनातला, त्याचाही अर्थ जाणं, आणि संस्कृत आणि ग्रीक दोन्हींत तो एकाच जुन्या मूळ धातूतून आलाय. नंतर १८८४ला स्वीडनमध्ये आऱ्हेनिअसने प्रबंधात मांडलं की क्षार विरघळले की आयन होतात, त्याला वीज लागत नाही. परीक्षकांनी जेमतेम पास केला. १९०३ला त्यालाच नोबेल.

---

नाखवा_हर्णै

धागाकर्ते, लेकीला सांगा पेन्सिलीऐवजी लोखंडी खिळे लाव. आम्ही होडीच्या पंख्याजवळ झिंकच्या प्लेटी मारतो, समुद्र प्लेटी खातो आणि पंखा वाचतो. जूनमध्ये बंदी लागली, होडी वर ओढली की बघायचं, कधी कधी प्लेट पापडासारखी झालेली असते. ते झिंक जातं कुठे तर मास्तर म्हणतात तसं आयन होऊन पाण्यात. अणूचा आयन होताना बघायचा असेल तर मीठ सोडा, धातू बघा.

---

खडूफळा

नाखवा, माझ्या पोटातलं बोललात. फक्त पेन्सिलीचा प्रयोग करत असाल तर खिडकी उघडी ठेवा आणि फार वेळ चालवू नका, प्लसच्या शिसापाशी क्लोराइड आयन इलेक्ट्रॉन सोडून परत क्लोरिन वायू होतो. पोहण्याच्या तलावासारखा वास आला तर तोच.

---

खाडीपलीकडला

अपडेट. आज दोन्ही केलं, खिडकी उघडून.

रातांब्याचा ताजा रस, बिनमिठाचा. एलईडी लागला पण आगळापेक्षा बराच मंद. सोलकढी ताई, तुमचं बरोबर.

मग मिठाच्या पाण्यात दोन खिळे. एका खिळ्याला बारीक बुडबुडे सुटत राहिले, दुसऱ्याला काहीच नाही, म्हणून आम्हाला वाटलं तो वाया गेला. जेवून उठलो अर्ध्या तासाने, तर पाणी हिरवट झालेलं, तळाला शेवाळासारखं काहीतरी, वरून तांबूस व्हायला लागलेलं. खिळे काढून पुसले तर ज्याला बुडबुडे नव्हते तो खडबडीत, टोक झिजलेलं. लेक बराच वेळ तो खिळा फिरवून बघत होती, मग म्हणाली, "बाबा, मिठातले आयन जुने होते, हे आत्ता झाले."

आता तिचा प्रश्न असा की प्लसवाला खिळाच का खातो, मायनसवाला का नाही. आणि बायकोचा प्रश्न असा की स्टीलच्या वाटीचा डाग कशाने जाईल.

---

खडूफळा

बॅटरी प्लसकडून इलेक्ट्रॉन ओढून घेते, ओढले गेलेले ते लोखंडाचे, म्हणून तिथला अणू आयन होऊन पाण्यात उतरतो. मायनसकडे इलेक्ट्रॉन ढकलले जातात, तिथलं लोखंड कशाला सोडेल, ते पाण्याला मिळतात आणि हायड्रोजनचे बुडबुडे निघतात. पुढच्या वेळी खिळ्यांची अदलाबदल करून बघायला सांगा.

---

सोलकढी_ताई

वाटीला कोकम चोळा.

---

तिरफळ_घातलंय

परत आगळ वाया.